गूळबाजारातला आदिलशहा

उजवा हात छातीपर्यंत वर, तळवा समोरच्याकडे, जणू येणारा ट्रक थांबवायचा आहे. समोरचा बोलायचा थांबला, की मग एकच शब्द : "कितवा?"

समजा, तुम्ही सहज म्हणालात की अकबर मोठा दिलदार बादशहा होता. तळवा वर. "कितवा?" तुम्ही गोंधळणार. अकबर म्हणजे अकबर, त्याला कुठं नंबर असतो? पण असतो. दिल्लीच्या तख्तावर दुसरा अकबरही बसून गेला, आणि तो इंग्रजांच्या पेन्शनवर जगला. "मग दिलदार कंचा? पेन्शनवाला का बिनपेन्शनचा? माणसानं बोलताना नीट बोलावं की." एवढं सुनावून ते हातातला गुळाचा खडा तोंडात टाकत आणि तुम्हाला तुमच्या अज्ञानासह रस्त्यात सोडून पुढं जात.

त्यांचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावाचे तिघे होते.

त्यांचं घराणं लिंगायत, धंदा गुळाच्या अडतीचा. वारलेल्या आजोबांचं नाव थोरल्या नातवाला द्यायचं, ही त्यांच्यातली रीत. आजोबांना मुलगे तीन. तिघांनीही आपापल्या पहिल्या मुलाला बापाचं नाव दिलं. एकमेकांना विचारायची तसदी कुणी घेतली नाही, आणि विचारलं असतं तरी मागं कोण सरणार होतं? परिणामी मार्केट यार्डातल्या एकाच अडत दुकानात एकाच नावाचे आणि एकाच आडनावाचे तीन चुलतभाऊ वावरत होते. दुकानात फोन वाजला की हमाल उचलायचा आणि ओरडून विचारायचा, "शेठ पायजेत व्हय? कितवं?"

पहिले शेठ गादीवर बसत. दुसरे सौद्याला उभे राहत. आमचे तिसरे. ते गोदामात. येणारा प्रत्येक रवा, म्हणजे गुळाची ढेप, टिचकी मारून, वास घेऊन, जिभेवर ठेवून ते पारखत. आणि हे सगळं करूनही भाव ठरवायचा अधिकार त्यांना नव्हता. पहिले शेठ परगावी गेले, तरी गादी रिकामी ठेवत नसत. जाताना तिच्यावर तक्क्या आडवा टाकून जात. बसायचं म्हटलं, तर आधी तक्क्या उचलावा लागणार, आणि तो उचलायचं धाडस दुकानात कुणी केलेलं मी ऐकलं नाही.

तेव्हा "कितवा?" हा प्रश्न त्यांनी इतिहासाला विचारायच्या पुष्कळ आधी लोकांनी त्यांना विचारलेला होता.

आमची घरं समोरासमोर. मी शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळं ते मला 'मास्तर' म्हणत. आणि त्याच कारणानं पेठेतल्या मंडळानं गणपतीच्या देखाव्याची संहिता लिहायचं काम माझ्या गळ्यात मारलेलं होतं. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा कोल्हापुरात सजीव देखाव्यांची लाट होती. प्रत्येक पेठेत संध्याकाळी दिवे लागले की कुणी ना कुणी मिशा लावून इतिहास घडवत असे. संवाद कॅसेटवर वाजायचे, माणसांनी फक्त हात आणि ओठ हलवायचे. आमच्या मंडळाचा देखावा 'अफजलखानाचा विडा'. विजापूरच्या दरबारात तबकात विडा ठेवलाय, शिवाजीराजांवर चालून जाण्याची हिंमत कुणात आहे असा सवाल होतो, सरदार खाली माना घालतात, आणि खान पुढं होऊन विडा उचलतो. पुढं प्रतापगडाचा पायथा आणि खानाचा शेवट. महाराजांच्या भूमिकेबद्दल आमच्या पेठेत कुणी विनोद करत नाही, मीही करणार नाही.

खान सापडायला वेळ लागला नाही. कसबा बावड्याचा एक पैलवान होता. दूध घालायला येई तेव्हा जिन्यातून त्याला तिरकं वर यावं लागे. अडलं होतं ते आदिलशहापाशी. मंडळाच्या अध्यक्षांचं स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज होतं. स्पेअर पार्ट नेमका कुठं मिळेल, हे त्यांना एका नजरेत कळे. त्यांची नजर तिसऱ्या शेठांच्या दाढीवर पडली.

ही दाढी मुळात खरजेमुळं वाढलेली. डॉक्टरांनी काही दिवस वस्तरा लावू नका म्हणून सांगितलं, आणि खरूज गेली तरी दाढी राहिली. काळी-पांढरी, छातीवर टेकणारी, भरघोस. खाली तेवढंच भरघोस पोट.

"काका, औंदा तुमी आदिलशा," अध्यक्ष म्हणाले.

तळवा वर. "कितवा?"

"कितवा म्हंजे? गादीवर बसायचं, दाढीवरनं हात फिरवायचा. कितवा बी असू दे की!"

"असं कसं? माणूस गादीवर बसतोय म्हंजे त्याला नंबर असतोयच."

त्या संध्याकाळी ते माझ्याकडं आले. आत येऊन खुर्चीवर बसले, आणि दवाखान्यात रिपोर्ट ऐकायला बसावं तसे गंभीर झाले. मी पुस्तकं काढली. विजापूरच्या आदिलशहांत दोन इब्राहिम, दोन अली. खानाला पाठवलं तेव्हा तख्तावर होता तो अली, दुसरा. त्यांनी मान हलवली. "दुसरा. बरं. एक पायरी वर चढलो." वय त्यांनी विचारलं नाही, आणि सांगायचं मलाही सुचलं नाही. गादीवर बसलेला माणूस वयस्कच असतो, असं आम्हा दोघांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं असावं. त्यांनी ते पहिल्या शेठांकडं बघून बसवलं होतं, मी हेडमास्तरांकडं.

तिथून त्यांना सुलतानांचा नाद लागला. रविवारी सकाळी अंघोळ, लिंगपूजा आटोपली की ते माझ्याकडं यायचे आणि आम्ही एकेक घराणं काढून बसायचो. बहामनींत महंमद किती, अहमद किती; गुजरातेत महमूद किती, मुजफ्फर किती. एकच नाव पुन्हापुन्हा का ठेवत, यावर त्यांनी दोन सिद्धांत मांडले. पहिला व्यापारी : "दुकानाचा बोर्ड नव्यानं रंगवाय लागत न्हाय." दुसरा राजकीय : "नाव तेच असलं की रयतेला मालक बदललेला कळत न्हाय. सारा भरत ऱ्हातीया." इतिहासाच्या प्राध्यापकांची याविषयीची जाड पुस्तकं मी वाचली आहेत. याहून फार वेगळं काही त्यात नाही, फक्त तळटीपा आहेत.

एकदा तर पोहे खाता खाता ते मध्येच थांबले. "मास्तर, एक सांगा. पयल्या अलीला ठावं व्हतं काय, आपण पयले हाय ते?"

"नसणार. तो नुसता अली."

"म्हंजे दुसरा आला म्हणून तो पयला झाला." चमचा माझ्याकडं रोखून ते बराच वेळ हसत राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्यांनी हे पहिल्या शेठांना ऐकवलं : "आमी हाय म्हणून तुमी पयले, काय?" पहिल्या शेठांनी चष्मा खाली करून विचारलं, "आजऱ्याचा माल उतरून झाला का?"

मात्र विजापूरकरांवर त्यांचा एक राग होता. दोन इब्राहिम, दोन अली. आणि तिसरा कुणाचाच नाही. "असणार की! कुणी लिवून ठेवला नसंल." मी नाही म्हटलं, तर म्हणाले, "तिसरा याच्या आतच दुकान बंद केलं व्हय बेट्यांनी." त्यांचं समाधान व्हावं म्हणून मी इतर घराण्यांतले तिसरे शोधून दिले. बहामनींच्या तिसऱ्या महंमदानं दारूच्या नशेत आपल्या भल्या वजिराचं डोकं उडवलं. गुजरातच्या तिसऱ्या महमूदाला त्याच्याच नोकरानं मारलं. तिसऱ्या मुजफ्फरनं स्वतःचाच गळा चिरून घेतला. 

"तिसऱ्यांचं काय खरं न्हाय, मास्तर," शेठ म्हणाले, आणि पोह्यांची ताटली पुढं सरकवली.

पण गणपतीत ते दुसरे असत. हिरवा मखमली अंगरखा, चित्रपटाच्या सेटवरून भाड्यानं आणलेलं सिंहासन, तबकात विडा. काम एवढंच, की बसायचं. आणि खरं सांगतो, इतकं चांगलं बसणारा माणूस मी पाहिलेला नाही. लोक खान बघायला येत, पण जाता जाता म्हणत, "बादशा काय बसलाय राव!" वर्षभर गोदामात उभा असलेला माणूस दहा दिवस बसत होता, एवढ्या वर्षांचं उभं राहणं त्या बसण्यात उतरायचं. हा बादशहा शुद्ध शाकाहारी होता, गळ्यात लिंग होतं, आणि दोन खेळांच्या मधे विंगेत चहा पिताना तो "पैलवान, जोंधळ्याला औंदा काय भाव?" असं खानाला विचारायचा, ही गोष्ट वेगळी.

एका वर्षी पहिले शेठ सहकुटुंब देखावा बघायला आले. जाताना म्हणाले, "बरा दिसतोयस." या दोन शब्दांवर आमच्या शेठांनी पुढचं गणपतीपर्यंतचं सगळं वर्ष काढलं.

मग आम्ही विजापूरला गेलो.

शेठ दरवर्षी कूडलसंगमला दर्शनाला जात. त्या वर्षी म्हणाले, "चला मास्तर, परतताना आपल्या मंडळींना भेटून येऊ." मंडळी म्हणजे आदिलशहा. जीपमध्ये ते, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या काकू, मी आणि त्यांचा पुतण्या वीरेश. हा वीरेश पहिल्या शेठांचा मुलगा, कॉलेजात होता. हसरा, सडपातळ, ओठांवर मिशीची नुसती अफवा. शेठांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं तो निम्मा त्यांच्याच घरी वाढलेला. गोलघुमटात शेठांनी टोपी काढली. इब्राहिम रोजात पुन्हा काढली. प्रत्येक ठिकाणी गाइडला "कितवा?" विचारून खात्री करून मगच.

आणि शेवटी बारा कमान. उंचच उंच काळ्या कमानी, आणि वर काही नाही. सरळ आभाळ.

"छप्पर कुठाय?" शेठांनी विचारलं.

"बना हीच नहीं साब," म्हातारा गाइड म्हणाला. "अली आदिलशाह, दूसरा, उसीच का मकबरा. छत बनने से पहले बादशाच गुजर गया. जवान था बेचारा."

"जवान?"

"तो! तख्त पे बैठा तब अठरा साल का था."

तळवा वर गेला नाही. शेठ वीरेशकडं बघत राहिले. वीरेश एका कमानीला टेकून बिस्किट खात उभा होता. नुकतंच अठरावं संपलेलं.

मनातल्या मनात मी हिशेब केला. खान निघाला तेव्हा अली गादीवर येऊन थोडीच वर्षं झालेली. म्हणजे विशीतला पोरगा. आणि आमच्या मंडळात त्याच्या जागी पन्नाशी उलटलेला, दाढी छातीवर टेकलेला गूळव्यापारी कित्येक वर्षं बसत होता. परतीच्या वाटेवर जीपमध्ये शेठ एक अक्षर बोलले नाहीत. जत मागं गेलं, मिरज मागं गेली. शेवटी काकूंनी विचारलं, "पोट दुखतंय काय?"

"न्हाय. गादी गेली."

मंडळाच्या बैठकीत त्यांनी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. सांगितलं नसतं, तर कोल्हापुरात कुणाला कधी कळलंही नसतं, आणि नेमकं हेच अध्यक्षांना पटेना.

"काका, पब्लिक खान बघाय येतंय. बादशा म्हंजे मागचं सामान हाय. कोण इचारतंय त्याचं वय?"

"मी इचारतोय."

"मग आपण सीन बदलू की," शेठांनीच तोडगा काढला. "त्याचा बा घ्या. महंमद. वयानं बसतोय, आजारी बी व्हता. मी आजारी बी बसीन."

"त्याच्या सीनमदी खान मरतोय का?"

"न्हाय."

"मग पब्लिक कशाला यील?"

पैलवान कळवळून म्हणाला, "काका, बसा की हो. तुमी नसला तर मी मुजरा कुणाला करू? त्या पोराला?"

शेठ उठले. "पैलवान, आतापतूर मला ठावं नव्हतं. आता बसलो की तो पोरगा बघणार माझ्याकडं. छप्पर न्हाय त्याच्यावर, आन् मी त्याची गादी बी दाबून बसू?" मग दारात थांबून म्हणाले, "वीरूला बसवा. पयल्या अलीला पोर नव्हतं. पुतण्या बसला व्हता."

 पुतण्याला गादी देणं कागदावर फार रुबाबदार दिसतं. पण हा पुतण्या पहिल्या शेठांचा मुलगा होता. म्हणजे दुकानातली गादी त्या घराकडं होतीच, आता मंडपातलीही गेली.

तालमी सुरू झाल्या. वीरेश सिंहासनावर बसायचा, आणि सरकारी ऑफिसात आपला नंबर यायची वाट बघत बसल्यासारखा दिसायचा. शेठ फिरकले नाहीत. मी गोदामात गेलो तर रव्यांच्या थप्प्यांमध्ये उभे. मुद्दाम म्हटलं, "शेठ, काल रेडिओवर बहादूरशहाबद्दल सांगत होते." मला वाटलं होतं, हात वर येईल. "असंल," ते म्हणाले, आणि एका रव्याला टिचकी मारली. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. कितवा हे न विचारता बहादूरशहाला सोडून देणारा माणूस बरा नसतो.

घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली, आणि एका माणसाची आठवण झाली. माणूस कसला, बाईची. माझ्या मूळ संहितेत ती होती. दहा दिवस रोज संध्याकाळी यायला पेठेतली एकही बाई तयार होईना, म्हणून अध्यक्षांनी तिला कापली होती. मी तसाच गोदामात परत गेलो.

"शेठ, अली पोरगा होता. मग राज्य कोण चालवत होतं?"

"कोण?"

"बडी बेगम. महंमदाची बायको. खानाला पाठवायचं ठरवलं, त्यात तिचाच हात. दरबारात पडद्याआड बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. पोरगा नावाला."

त्यांची टिचकी हवेतच थांबली. "पडद्याआड?"

"पडद्याआड. चेहरा कुणाला दिसायचा नाही."

"दाढी बी दिसणार न्हाय?"

"नाही."

आणि मग हात वर आला. तळवा माझ्याकडं. "कितवी?"

"बेगमांना नंबर नसतो, शेठ. बडी बेगम एकच."

"तिच्या अगोदर न्हाय?"

"नाही."

"मागनं बी न्हाय?"

"नाही."

खाली पडलेला गुळाचा खडा त्यांनी उचलला, झटकला, तोंडात टाकला आणि शांतपणे चघळला. "मग जमतंय," ते म्हणाले.

अध्यक्ष आधी हसले, मग घाबरले, मग हो म्हणाले. सिंहासनाच्या उजव्या अंगाला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा लावला, मागं मंडळाची लोखंडी घडीची खुर्ची. बेगम बोलणार नाही, असं शेठांनी ठरवलं. वेळ आली की पडद्याच्या फटीतून फक्त हात बाहेर येईल, एक बोट खानाकडं रोखेल, आणि खान विडा उचलेल. बादशहाचा सगळा रुबाब आता एका बोटात बसवायचा होता.

त्या हाताला बांगड्या हव्यात, असं अर्थात काकूंनी सांगितलं. कासारीण घरी आली. शेठांचा पंजा रवे उचलून रुंद झालेला; बांगडी काही चढेना. साबण झाला, तेल झालं. आम्ही सगळे भोवती.

"माझ्यासंगट कासाराच्या दुकानात एकदा आला न्हाईत," काकू बांगडी रेटत म्हणाल्या, "आन् आता सोताला भरून घ्यालाय व्हय!"

"हळू, हळू. बेगम हाय मी."

"बेगम असंल दरबारात. हितं भांडी पडल्यात."

पहिल्या दिवशी मंडपात ही गर्दी. बातमी फुटलेलीच होती. पुढच्या रांगेत पहिले शेठ, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. घराण्याच्या अब्रूचं काय होतं ते जातीनं बघायला आले होते. पडदा उघडला, कॅसेट सुरू झाली, सरदारांनी माना खाली घातल्या. वीरेशनं भेदरून उजवीकडं पाहिलं. हे भेदरणं खरं होतं, आणि म्हणूनच पहिल्यांदा तो अली वाटला. चिकाचा पडदा हलला. हिरव्या बांगड्यांचा हात हळूहळू बाहेर आला. पावडर फासली होती, तरी मनगटावरचे केस मागच्या रांगेपर्यंत दिसत होते.

गर्दीतून एक आवाज आला, "ओ बेगम, जरा दाढी बी दावा की!"

मंडप फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी विंगेत होतो. मला पडद्यामागचे शेठ दिसत होते. हशा उठताच त्यांची मान खाली गेली, आणि मला वाटलं की हात आता आत जाणार. गादी गेली, आता ही पडद्याआडची जागासुद्धा जाणार.

हात आत गेला नाही. खानाकडं रोखलेलं बोट सावकाश वळलं. सरदारांवरून, तबकावरून, पुढच्या रांगेवरून फिरत गेलं. पहिल्या शेठांना वाटलं ते आपल्यावरच थांबतंय. ते ताठ झाले आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन शाळेतल्यासारखे बसले. पण बोट पुढं गेलं आणि ओरडणाऱ्यावर थांबलं. हललं नाही. बांगडीही वाजली नाही.

 मग पैलवानाला काय सुचलं कोण जाणे. त्यानं पडद्यापुढं कमरेत वाकून मुजरा केला, आणि विडा तसाच ठेवून तो धाडधाड स्टेजच्या पायऱ्या उतरला. कॅसेटवर निवेदक सांगत होता, "खानाने विडा उचलला," आणि खान गर्दीत शिरून त्या माणसाला बखोटीला धरून स्टेजकडं आणत होता. कॅसेटवाल्यानं घाईघाईनं बटण दाबलं. तो माणूस हात जोडून म्हणाला, "चुकलं बेगमसाब, चुकलं!" पडद्यातलं बोट किंचित हललं. माफी. त्यानंतर ज्या टाळ्या वाजल्या, त्या प्रतापगडाच्या प्रवेशालाही कधी वाजल्या नव्हत्या.

पुढं तो देखाव्याचाच भाग झाला. रोज कुणीतरी ओरडायचं, बोट वळायचं, खान उतरायचा. आपल्याला बेगमनं धरून आणवलं, हे सांगण्यात लोकांना प्रतिष्ठा वाटू लागली. राधानगरीकडून एसटीनं येऊन मुद्दाम ओरडणारे निघाले. एका वर्षी एका पुढाऱ्यानं उद्घाटनाचं भाषण फार लांबवलं, तर पडद्यातून बोट बाहेर आलं आणि भाषण जागच्या जागी संपलं. लोकशाहीत याहून उपयोगी पद मी पाहिलेलं नाही.

गोदामातलं उभं राहणं तसंच होतं. भाव पहिलेच ठरवत. पण "कितवं?" विचारणाऱ्या हमालानं आपलं आपणच एक दिवस बदल केला. तिसऱ्यांसाठी फोन आला की तो ओरडायचा, "बेगमसाब, तुमचा हाय!" शेठ रागावले नाहीत. दाढीवरनं हात फिरवत, संथ पावलांनी फोनकडं जात.

असं बरीच वर्षं चाललं. कॅसेट जाऊन सीडी आली. वीरेशचं लग्न झालं, त्याला थोडं पोट आलं. विशीतला अली आता तोही दिसेना, पण हे कुणी बोललं नाही. शेठांनीही नाही. एवढं एकच वय त्यांनी इतिहासाला न विचारता जाऊ दिलं.

मग एका श्रावणात ते गेले. दुपारी गोदामात, थप्पीला टेकून. त्यांच्यात माणसाला बसवून नेतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, फुलांच्या मखरात मांडी घालून ते निघाले. रस्त्याच्या दुतर्फा पेठ उभी होती. मखराला पुढं डावीकडं खांदा पैलवानाचा, उजवीकडं वीरेशचा. मागं पहिले शेठ अनवाणी चालत होते, आणि त्या दिवशी त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

गणपतीला थोडेच दिवस राहिलेले. देखावा रद्द करायचं निघालं, तेव्हा काकूच म्हणाल्या, "कशाला? त्यांच्या जिवावर ते बंद व्हाय नगं." बेगम कोण करणार, हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी तयारही झालं नसतं. हात येणार नाही, मग पडदा काढून टाकावा, असं मला वाटत होतं. संहिता माझी, म्हणून मी संध्याकाळी मंडपात गेलो. पडदा तसाच लावलेला. वीरेश सिंहासनावर, पैलवान रंगवलेला. तालीम सुरू झाली. विड्याची वेळ आली, तसा वीरेशनं उजवीकडं पाहिलं, पैलवान पडद्यापुढं गेला आणि थांबला. सीडीवरचा निवेदक वाक्य संपवून मोकळा झाला, तरी तो थांबलेलाच. मग त्यानं कमरेत वाकून मुजरा केला आणि विडा उचलला.

मी पडद्यामागं गेलो. तिथं अध्यक्ष फडक्यानं घडीची खुर्ची पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी ती उघडली, आणि एक पाय डुगडुगत होता म्हणून त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला.

"अध्यक्ष," मी म्हटलं, "पडद्यामागं कोण बघणार आहे? खुर्ची कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की एवढा शिकलेला माणूस आणि साधी रीतभात कळू नये.

"मग बेगम काय उभी ऱ्हाणार व्हय?"